प्लोनमधील पोर्टलेटचा वारसा आणि ‘ब्लॉक’: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

प्रवेशाच्या ऐन धामधुमीत शुल्क भरण्याच्या मुदतवाढीची सूचना आमच्या महाविद्यालयाच्या संकेतस्थळावर मुखपृष्ठासह कला आणि वाणिज्य शाखांच्या सर्व पानांवर दिसत होती, विज्ञान शाखेत मात्र कुठेच दिसत नव्हती. देखभालीचे कंत्राट असलेल्या कंपनीने हे ‘नवीन काम’ ठरवून स्वतंत्र दरपत्रक पाठवले. सॉफ्टवेअर फुकट आणि त्यातील एक चौकट दिसण्याचे पैसे, हा हिशेब मला पटला नाही, म्हणून आमचे संकेतस्थळ ज्यावर चालते त्या प्लोन ५.२ या मुक्त आशय-व्यवस्थापन प्रणालीतील पोर्टलेट, म्हणजे पानाच्या बाजूच्या रकान्यांत दिसणाऱ्या चौकटी, यांची व्यवस्था स्वतःच खोलात जाऊन पाहिली.

२००७ साली प्लोन ३ बरोबर आलेली ही रचना मुळात सुटसुटीत आहे. मुळाशी, म्हणजे संकेतस्थळाच्या सर्वांत वरच्या पातळीवर, ठेवलेला पोर्टलेट खालच्या प्रत्येक फोल्डरमध्ये आपोआप उतरतो आणि फोल्डरचे स्वतःचे पोर्टलेट त्याच्या वर दिसतात. माझी तक्रार एकाच गोष्टीबद्दल आहे, ती म्हणजे ब्लॉक, अर्थात वरून येणारे पोर्टलेट एखाद्या फोल्डरपाशी अडवण्याची सोय. वरून येणारा एखादाच पोर्टलेट नको असेल तर तेवढाच अडवता येत नाही. त्या रकान्यात वरून येणारे सगळेच अडवावे लागतात. विज्ञान शाखेच्या कोणीतरी उजव्या रकान्यातील दिनदर्शिका नको म्हणून ब्लॉक लावला होता. ढेकणाच्या संगे हिरा भंगतो म्हणतात, तशी पुढे मुळाशी टाकलेली सूचनाही त्या शाखेसाठी गेली, आणि तिच्याखालच्या भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र अशा सर्व विभागांसाठीही गेली. सूचना टाकताना खाली कुठे ब्लॉक आहे याचा पत्ता तो पडदा देत नाही, आणि माझ्या मते या रचनेचा खरा दोष हाच आहे. निवडून अडवण्याची सोय नसणे एक वेळ समजून घेता येईल, परंतु आधीच अडवलेले दिसू नये याचे समर्थन मला सापडलेले नाही.

या मुद्द्यावर मी अत्यंत कडक अभिप्राय लिहिणार होतो. परंतु नंतर लक्षात आले की ब्लॉक प्रत्येक वर्गवारीला वेगळा लागतो. पालक फोल्डरमधून येणारे, वापरकर्त्यांच्या गटाला जोडलेले आणि आशयप्रकाराला (पान, फोल्डर अशा मजकुराच्या प्रकाराला) जोडलेले पोर्टलेट असे तीन वर्ग आहेत, आणि पहिला अडवला तरी तिसरा चालूच राहतो. म्हणून सूचना मुळाशी न ठेवता, कंट्रोल पॅनेलमधील आशयप्रकारांच्या सेटिंगमधून ‘पान’ आणि ‘फोल्डर’ या प्रकारांना जोडली. विज्ञान शाखेचा ब्लॉक तसाच राहिला, दिनदर्शिका परतली नाही आणि सूचना मात्र दिसू लागली. खर्च शून्य.

यात एक अडचण राहते: प्रत्येक प्रकाराला पोर्टलेट वेगळा जोडावा लागत असल्याने स्थिर मजकुराचा पोर्टलेट वापरला तर मजकूर बदलताना तो प्रत्येक ठिकाणी बदलावा लागतो. त्यावर उपाय म्हणून मी सूचनांचे एक कलेक्शन (ठरवलेल्या निकषांत बसणाऱ्या मजकुराची आपोआप तयार होणारी यादी) केले आणि सगळीकडे त्याचाच पोर्टलेट लावला. सूचनेला मुदत संपण्याची तारीख दिली की त्या तारखेनंतर ती सामान्य वाचकाला कलेक्शनमध्ये दिसत नाही, आणि कलेक्शनमध्ये काहीच उरले नाही तर पोर्टलेटची चौकटही दिसत नाही. शिळ्या सूचना काढण्याचे जे काम दर वर्षी कोणाच्या तरी गळ्यात पडते, ते असे परस्पर संपले, आणि या सोयीने मी खरोखर खूश आहे.

फोल्डरला मुखपान (फोल्डर उघडताच दिसणारे पान) नेमले असेल तर ‘पोर्टलेट व्यवस्थापन’ त्या पानाचे उघडते, फोल्डरचे नव्हे; तशी सूचना प्लोन देतो, पण ती वाचण्याइतकी सवड आमच्या कार्यालयात सहसा कोणाला नसते. फोल्डरची प्रत काढली की त्याला जोडलेले पोर्टलेटही प्रतीबरोबर येतात, त्यामुळे नवीन विभाग उभा करणे सोपे जाते. अर्थात लावलेला ब्लॉकही त्याच प्रतीबरोबर येतो, हे विसरू नये.

डिसेंबर २०२२ मध्ये आलेल्या प्लोन ६ मध्ये नवीन संकेतस्थळासाठी व्होल्टो हे दर्शनी रूप पुढे केले आहे आणि त्यात पोर्टलेटची ही व्यवस्था मुळात मिळत नाही. कंपनी त्या स्थलांतराचाही आग्रह धरत आहे. आम्ही प्लोन ६ घेऊ, पण क्लासिक यूआय या पोर्टलेट असलेल्या जुन्या दर्शनी रूपावरच, आणि त्या कामाच्या दरपत्रकात ‘पोर्टलेट दिसणे’ हे वेगळे कलम असणार नाही, असे कंपनीला लेखी कळवले आहे.