गोव्यातली चार वर्षांची बी.एस्सी. केमिस्ट्री: घ्यावी का?

गोवा विद्यापीठाच्या कॉलेजांत 2023-24 पासून चार वर्षांचा पर्याय आला. युजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) आराखड्याप्रमाणे तीन वर्षांना 120 क्रेडिट (अभ्यासाचं वजन मोजायचं एकक), चार वर्षांना 160. सहा सेमिस्टरांत 75 टक्के असतील तरच चौथ्या वर्षी 12 क्रेडिटचा संशोधन प्रकल्प मिळतो. त्यामुळे पहिलं वर्ष 'सेट व्हायला' घालवू नका, ते गुण पुढे नडतात.

खरी गोची मायनर, म्हणजे केमिस्ट्रीच्या जोडीचा दुय्यम विषय, निवडताना होते. गणिताचा कंटाळा म्हणून सोपा विषय घेतला, की थर्मोडायनॅमिक्समधली आंशिक विकलनं आणि क्वांटमचं श्रोडिंजर समीकरण घशात अडकतं. आयआयटी जॅमच्या (एम.एस्सी.च्या प्रवेश परीक्षेच्या) केमिस्ट्री पेपरातही गणित असतंच. एम.एस्सी. करायची असेल तर गणित किंवा फिजिक्स घ्या. वेर्ण्याच्या औषध कंपन्यांत क्यूसीला (गुणवत्ता तपासणीला) जायचं असेल तर बायोलॉजी चालेल, पण मग एचपीएलसीवर (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर) हात बसलेला हवा.

प्रवेशाआधी कॉलेजची लॅब बघाच. दोन क्रेडिटचं प्रॅक्टिकल म्हणजे आठवड्याला चार तास, सेमिस्टरला 60. एका ब्युरेटवर (द्रावण थेंबाथेंबाने मोजून सोडायच्या नळीवर) चौघं असतील तर शिकणार काय? पावसाळ्यात आपल्या हवेत सोडियम हायड्रॉक्साइडच्या गोळ्या बघता बघता ओल्या होतात, म्हणून 4 ग्रॅम तोलून लिटरभर केलेलं द्रावण 0.1 मोलरपेक्षा कमीच भरतं. ऑक्सॅलिक आम्लाने (0.05 मोलर, 100 मिलीला 0.630 ग्रॅम) ते प्रमाणित करून, म्हणजे त्याची नेमकी तीव्रता तपासून, घेतात का, एवढं विचारा. उत्तरावरून विभाग कळतो.