टेलर की मायली?

तलावपाळीच्या कट्ट्यावर भाचीने एक इअरफोन माझ्या कानात कोंबला. "मावशी, खरी कोण वाटते?"

दोघी अमेरिकी गायिका, दोघींनी स्वतःला बदललं. टेलर स्विफ्ट टप्प्याटप्प्याने बदलली. 2006 मध्ये कंट्री, म्हणजे अमेरिकी ग्रामीण ढंगाची गाणी, 2014 मध्ये पूर्ण पॉप, 2020 मध्ये शांत लोकसंगीताच्या वळणाची गाणी. 2021 ते 2023 मध्ये तर तिने चार जुने अल्बम पुन्हा गायले, नव्या ध्वनिमुद्रणांचे हक्क स्वतःकडे राहावेत म्हणून. जुनी टेलर तिने कधी टाकून दिली नाही.

मायली सायरसचं तसं नव्हतं. तेराव्या वर्षी ती डिस्नेच्या मालिकेत हॅना मोंटाना झाली. 2013 मध्ये, विशीत, बारीक कापलेल्या केसांनी मंचावर धिंगाणा घालून तिने ती गोड मुलगी मोडीत काढली. मलाही तेव्हा तो आव वाटला होता. पण लहानपणीच दुसऱ्यांनी चढवलेला मुखवटा हळूच कसा उतरवायचा? (आपल्याकडे मुलीने नुसते केस कापले तरी आठवडाभर घर धुमसतं.) 2024 मध्ये तिला संगीतातलं मानाचं पारितोषिक, पहिलं ग्रॅमी मिळालं, ते तिच्या त्याच घोगऱ्या, भरड आवाजाला.

माझं मत मायलीला. भाचीने मानेवरचे कालच कापलेले केस झटकले आणि तिचंच गाणं परत लावलं.