थंड पाण्यात पडल्यावर: पोहत सुटायचं, अंग आखडून थांबायचं की होडी धरून राहायचं?

पहिल्या मिनिटात कसलाच निर्णय घेऊ नये. गार पाणी लागताच श्वास अडकतो, मग धाप लागते. तोंड पाण्याबाहेर ठेवून ती ओसरू द्यायची, एवढंच तेव्हाचं काम. कॅनडातले संशोधक गॉर्डन गीसब्रेख्ट यांचा बर्फगार पाण्यासाठीचा 1-10-1 हा हिशेब पाठ असावा: श्वास सावरायला 1 मिनिट, हातापायांत बळ आहे तोवरची 10 मिनिटं, आणि थंडीने शुद्ध हरपेपर्यंत साधारण 1 तास. खरी निवड त्या मधल्या 10 मिनिटांतच होते. नंतर बोटं इतकी आखडतात की जॅकेटचा पट्टाही आवळता येत नाही.

उलटलेली होडी तरंगत असेल तर मी दुसरा विचारच करणार नाही. पाणी हवेपेक्षा सुमारे 25 पट वेगाने उष्णता खेचतं, म्हणून अंगाचा जेवढा भाग वर काढता येईल तेवढा काढावा. वर वारा झोंबतो आणि पाण्यातच बरं होतं असं वाटायला लागतं. त्या वाटण्यावर विश्वास ठेवू नका. शोधणाऱ्यांनाही एकट्या डोक्यापेक्षा होडी लवकर दिसते.

होडी बुडाली, तर अंगात लाइफ जॅकेट आहे की नाही यावर पुढचं सगळं ठरतं. कॅनडातल्याच व्हिक्टोरिया विद्यापीठात 1970च्या दशकात काढलेले, 10 अंश सेल्सिअस पाण्यातले तग धरण्याचे अंदाज असे (सरासरी प्रौढ माणसासाठी, हमी म्हणून नव्हे):

जॅकेट घालून सावकाश पोहणं – सुमारे 2 तास
जॅकेट घालून स्वस्थ तरंगणं – 2.7 तास
जॅकेट घालून ‘हेल्प’ स्थिती – 4 तास
जॅकेट घालून घोळका – 4 तास
जॅकेटविना उभ्याने पाय मारत राहणं – 2 तास

‘हेल्प’ म्हणजे गुडघे छातीशी ओढून घ्यायचे आणि दंड बरगड्यांना घट्ट चिकटवायचे. मान, काखा, छातीच्या बाजू आणि जांघा इथून उष्णता सर्वांत जास्त निसटते. त्यातलं बरंचसं असं झाकलं जातं. पण हे जॅकेटशिवाय जमत नाही, माणूस सरळ खाली जातो. लाटांत तोल राहत नसेल तर निदान पाय जुळवून ठेवा. कपडे मात्र काढू नका.

तिघं-चौघं असाल तर तास तेवढेच असूनही मी घोळक्याला झुकतं माप देईन. छातीला छाती भिडवून एकमेकांना कवटाळायचं. मुलांना मधे घेता येतं, कोणी पेंगायला लागला तर हलवता येतं, आणि एकटादुकटा वाहून जात नाही.

मग पोहायचं कधी? मदत येण्याची आशाच नसेल, अंगात जॅकेट असेल आणि काठ खरोखर जवळ असेल तेव्हा. पाण्यावरून अंतर नेहमी कमी भासतं. पोहताना रक्त स्नायूंकडे धावतं आणि ऊब भराभर जाते, त्यामुळे जायचं तर सुरुवातीलाच निघावं. अर्धा तास कुडकुडून मग निघण्यात अर्थ नाही.

मदतीची बोट आली की शिडी चढायची की स्वतःला उचलू द्यायचं? शक्यतो उचलू द्या, तेही आडवं. बराच वेळ पाण्यात राहिलेल्या माणसाचा रक्तदाब उभं राहताच कोसळू शकतो.