चार बल्बांएवढी वीज खाणारा हीटर

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, आमच्या जांबोटी भागात थंडी पडली की दारोदार विकणारे फिरायला लागतात. आधी ब्लँकेटवाले, मग स्वेटरवाले, आणि आता हीटरवाले. यातल्याच एकानं आम्हाला 2,800 रुपयांना टोपी घातली. पैशांचं एक जाऊ दे, पण त्या हीटरपायी घरात जे होता होता राहिलं ते चार लोकांना कळावं म्हणून लिहिते आहे.

लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. घर कौलारू, बाळंतिणीची खोली मधली, खिडकी एकच आणि वारा लागू नये म्हणून तिलाही गोधडी लावलेली. सासूबाईंचं म्हणणं, खाटेखाली शेगडी ठेवा, ओव्याची धुरी द्या, आमची सगळ्यांची बाळंतपणं अशीच झाली. दवाखान्यातून निघताना नर्सनं मात्र बजावलं होतं, बंद खोलीत कोळसा नको. म्हणून हीटरचं घाटत होतं. अडत होतं ते लाईट बिलापाशी. गृहज्योतीत, म्हणजे कर्नाटक सरकारच्या मोफत विजेच्या योजनेत, ठरलेल्या युनिटांपर्यंत बिल शून्य येतं आणि 200 युनिट ओलांडले की सगळंच बिल अंगावर पडतं. 'हीटर लावला आणि शून्य बिल गेलं तर?' ही धास्ती आमच्याकडे घरोघर आहे. त्या माणसानं नेमकी तीच पकडली.

"अक्का, शून्य बिल हलत नाही बघा. लिहून देतो की!" गळ्यात ओळखपत्र, हातात वीज कंपनीच्या नावाचा रंगीत कागद. म्हणे सरकारी वीजबचत योजना आहे, बाजारात 5,500 ची वस्तू, गावासाठी 2,800 ला. त्यानं हीटर एका छोट्या मीटरला जोडला, मीटरवर आकडा आला 400. "जुन्या चार बल्बांएवढी वीज, आणि दहा मिनिटांत खोलीची भट्टी." समोर हात धरला तर वारा गरम लागत होता. मोबाईलवरून पैसे पाठवताना क्यूआर कोडवर भलत्याच बाईचं नाव आलं. "आमच्या मॅडमचं खातं आहे, ऑफिसचंच." पक्कं बिल व्हॉट्सॲपवर येणार होतं. ते अजून येतंय.

यातली गंमत अशी की मीटरवरचा आकडा खरा होता. फसवणूक त्या आकड्यातच होती. तारेतून वीज खेळवून तापणारा हीटर जेवढी वीज घेतो तेवढीच ऊब देतो, खोक्यावर 'सिरॅमिक' लिहा, 'टर्बो' लिहा, नाहीतर 'इन्फ्रा'. 400 वॅट घेतले तर ऊबही 400 वॅटचीच. दुकानातले चांगले हीटर 1,000 आणि 2,000 वॅटचे असतात ते काय उगीच? कौलांच्या फटींतून वारा येणाऱ्या खोलीत ह्या खेळण्यानं पाय सुद्धा शेकत नाहीत. बरं, बिल तरी वाचतं का? रोज दहा तास लावला तर 4 युनिट, म्हणजे महिन्याला 120. त्यापेक्षा 1,000 वॅटचा हीटर निजण्याआधी दोन तास लावून बंद केला तर महिन्याला 60.

दोन-तीन रात्रींत प्लास्टिक जळल्याचा वास आला. प्लग पिवळा पडून मऊ झाला होता. वायरमननं खोलून दाखवलं: बोटभर कॉइल, छोटा पंखा आणि चार्जरला असते तसली बारीक वायर. जास्त तापल्यावर आपोआप बंद पडायची सोय नाही, दोन पिनांचा प्लग, म्हणजे अर्थिंगही नाही. खोक्यावर आयएसआयचं चिन्ह होतं, पण नुसतंच. खऱ्या चिन्हाच्या वर आयएस क्रमांक असतो आणि खाली सीएम/एल लिहून परवान्याचा क्रमांक. तो बीआयएसच्या, म्हणजे हे चिन्ह देणाऱ्या सरकारी संस्थेच्या, 'बीआयएस केअर' ॲपमध्ये घातला की कंपनीचं नाव निघतं. आमच्या खोक्यावर घालायला क्रमांकच नव्हता.

हीटर मेला आणि त्याच रात्री सासूबाईंनी शेगडी आत घेतली. "धूर कुठाय गं? नुसते निखारे तर आहेत." पहाटे लेक मळमळतंय म्हणून उठली, डोकं फुटायची पाळी, आणि बाळाला उचलायला वाकली ती दारावरच आदळली. आवाजानं ह्यांना जाग आली. त्यांनी दारं सताड उघडून दोघांना पडवीत आणलं, शेजाऱ्याच्या गाडीतून दवाखाना गाठला. लेकीला ऑक्सिजन लावावा लागला. बाळ सुखरूप होतं.

डॉक्टर सासूबाईंना कोकणीत समजावत होते, मीही ऐकून घेतलं. धूर नसलेल्या, वर राख धरलेल्या निखाऱ्यांतूनही कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तात तो ऑक्सिजनच्या दोनशेपट चिवटपणे चिकटून बसतो. आधी डोकं दुखतं, गरगरतं, मळमळतं, झोप येते, आणि झोपलेला माणूस उठतच नाही. नोव्हेंबर 2025 मध्ये बेळगावच्या अमननगरात थंडीसाठी शेगडी पेटवून बंद खोलीत झोपलेले तीन तरुण असेच गेले. असं काही वाटलं तर आधी माणसाला उघड्यावर आणायचं, मग 108 लावायचा.

पैशांसाठी 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, 1915 च्या ग्राहक हेल्पलाइनलाही फोन केला. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला फी लागत नाही, हे तेव्हा कळलं. पण समोरच्याचं नाव-पत्ता तर हवा! बिल नाही, फोन बंद, ओळखपत्रावरचं नाव खरं की खोटं देव जाणे. वीज कंपनीचा माणूस मीटर बघून बिल हातात देतो, तो हीटर विकत नाही.

आता खानापुरातल्या दुकानातून पक्क्या बिलावर हीटर आणलाय. 2,000 वॅटवर तो जवळजवळ 9 अँपिअर ओढतो, म्हणून वायरमननं आधी 16 अँपिअरचा मोठा सॉकेट बसवून दिला. एक्स्टेन्शन बोर्डावर लावायचा नाही, जवळ दुपटी वाळत घालायची नाहीत आणि निजताना बंद. शेगडी अंगणात, बाळाच्या आंघोळीच्या पाण्यापुरती.

तो माणूस मराठी आणि कन्नड दोन्ही सफाईनं बोलतो, पांढऱ्या व्हॅनमधून फिरतो, आणि घरात बाळंतीण किंवा म्हातारं माणूस आहे का ते आधी विचारतो. दारात आला तर चिन्हाखालचा क्रमांक आणि पक्कं बिल मागा, आणि गाडीचा नंबर लिहून घ्या.