एकच रात्र हातात असेल तर : मोहर्ली की सिल्लारी?

शुक्रवारी रात्री पुण्याहून निघायचं, शनिवारी सकाळी नागपूरला उतरायचं. दुपारची एक सफारी, जंगलाशेजारी एक मुक्काम, रविवारी सकाळची दुसरी सफारी आणि संध्याकाळी परतीची गाडी. माझा आतेभाऊ दर हिवाळ्यात हा बेत आखतो आणि मी नागपूरचा म्हणून मला फोन करतो. "दादा, ताडोबा करू की पेंच?" फोनवर मी दरवेळी घाईत काहीतरी सांगतो, आणि नंतर वाटतं की नीट सांगायला हवं होतं. म्हणून हे जरा सविस्तर.

दोन्हीकडे मी तीन-तीनदा गेलो आहे, आणि प्रत्येक वेळी एकच रात्र राहिलो आहे. ताडोब्याला मोहर्लीच्या बाजूने, पेंचला आपल्या महाराष्ट्रातल्या सिल्लारीच्या बाजूने. मध्य प्रदेशातलं तुरिया गेट मी इथे धरलेलं नाही. आठ दिवस मुक्काम ठोकून फोटो काढणाऱ्यांचा हिशेबही वेगळा असतो. हे सगळं एका रात्रीपुरतं आहे.

वाघाचं आधी सांगून टाकतो, कारण बहुतेकांचा प्रश्न तोच असतो. ताडोब्यात मला तिन्ही खेपांना वाघ दिसला. पेंचला तीनमध्ये एकदा, आणि तोही गवतात शिरताना फक्त पाठ आणि शेपूट. माझ्या ओळखीतल्या लोकांचा अनुभवही साधारण असाच आहे. ताडोब्याला गेलेले बहुतेक जण वाघाची गोष्ट घेऊन परततात; पेंचहून येणारे सांबर, रानकुत्री, धरणाचं पाणी यांबद्दल बोलतात. तेव्हा आयुष्यात अजून वाघ पाहिलेला नसेल आणि तोच पाहायला हजार किलोमीटर येणार असाल, तर ताडोब्याची बाजू जड आहे. एप्रिल-मेचं ऊन सोसणार असाल तर आणखीनच जड. बरेच पाणवठे आटलेले असतात, वाघ उरलेल्या पाण्यात बसून राहतो आणि तुमची जिप्सी समोर उभी असते.

ताडोब्याचं जंगल मला मनापासून आवडतं, हेही इथेच सांगतो. हे 1955 साली झालेलं राष्ट्रीय उद्यान. पुढे 1986 च्या अंधारी अभयारण्याची त्याला जोड मिळाली. मोहर्लीतून आत शिरलं की रस्त्याच्या कडेने गोंड राजांच्या काळातले दगडी खांब लागतात. त्यांवरून दोर ओढून घंटा वाजवत निरोप पोचवायचे, असं गाईड सांगतात. तळ्याकाठी तारूदेवाचं ठाणं आहे आणि ताडोबा हे नावही त्याच्यावरूनच आलं असं मानतात. कोअरमध्ये, म्हणजे जंगलाच्या आतल्या राखीव भागात, मोबाइल वापरायला बंदी आहे, ही मला फार मोठी सोय वाटते. चार तास गाडीत कुणीही मान खाली घालून बसत नाही. माझी मुलगी त्या चार तासांत जेवढं बोलली, तेवढं घरी महिनाभरातही बोलत नाही.

गर्दीचं म्हणाल तर ती दोन्हीकडे आहे, ताडोब्यात जरा जास्त. दुसऱ्या खेपेला एका वाघिणीसमोर मी चौदा जिप्सी मोजल्या. आमचा ड्रायव्हर समंजस होता, त्याने गाडी मागे घेतली. सगळेच तसे नसतात. 31 डिसेंबर 2024 ला उमरेड-कऱ्हांडला अभयारण्यात गोठणगावच्या बाजूला जिप्सींनी एका वाघिणीची आणि तिच्या बछड्यांची वाट अडवली होती आणि उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्याची स्वतःहून दखल घेतली होती, हे तुमच्या वाचनात आलंच असेल. पण माझा निर्णय गर्दीने झाला नाही. गर्दी अर्ध्या तासात पांगते.

निर्णय झाला तो उजेडाने.

एका रात्रीच्या सहलीचा हिशेब मांडून पाहा. दुपारच्या सफारीचे तीन-चार तास, सकाळच्या सफारीचे तेवढेच. मधे राहतात अकरा-बारा तास, आणि ते सगळे अंधाराचे. मुक्कामाचे पैसे आपण याच तासांसाठी मोजतो. नुसती सफारी करून रात्री नागपूरला घरी येऊन झोपता येतंच की. जंगलाच्या काठावर राहायचं ते तिथली रात्र कशी असते हे अनुभवायला, असं मला वाटतं. आणि मोहर्लीला माझी ती रात्र तीनदा हुकली.

पहिल्या खेपेला वाटलं, जागा चुकीची निवडली. लॉनवर चार कोपऱ्यांत चार हॅलोजन, झाडांच्या बुंध्यांना गुंडाळलेल्या दिव्यांच्या माळा आणि जेवणाच्या मांडवात साडेअकरापर्यंत गाणी. दुसऱ्या खेपेला दुसरी जागा घेतली. तिथे गाणी नव्हती, पण खोलीच्या दारावरचा दिवा रात्रभर जळत होता आणि त्याचं बटण खोलीत नव्हतं. तिसऱ्या खेपेला मी फोनवर आधीच विचारून घेतलं होतं. तरीही कुंपणाच्या कडेने पांढरेशुभ्र फ्लडलाइट होते. मी मॅनेजरला विनंती केली की निदान तासभर ते दिवे घालवा. तो भला माणूस होता. म्हणाला, "साहेब, इथं बिबट्या कुंपणापर्यंत येतो. पाहुण्यांना अंधारात भीती वाटते, आणि काही झालं तर जबाबदारी आमच्यावर." त्याचंही चूक नव्हतं. बिबट्या, अस्वलं, वाघ गावापर्यंत येतात, आणि त्याची किंमत त्या भागातली माणसं जिवानिशी मोजतात. त्यांच्या दिव्यांबद्दल मी कुठल्या तोंडाने तक्रार करू?

मग मुलीला घेऊन गच्चीवर गेलो. तिथे दिवे पायाखाली होते, तेव्हा वाटलं आता तरी आकाश दिसेल. दक्षिणेकडे पाहिलं तर क्षितिजावर नारिंगी पट्टा पसरलेला. चंद्रपूरच्या बाजूचा. तिकडे महाऔष्णिक वीज केंद्र, कोळशाच्या खाणी आणि वाढतं शहर. मोहर्लीतले सगळे दिवे घालवले असते तरी तो पट्टा गेला नसता. मुलगी म्हणाली, "बाबा, आपल्या घरून पण एवढेच तारे दिसतात." अगदीच एवढे नव्हते, थोडे जास्त होते. पण तिचं म्हणणं मला खोडता आलं नाही.

हे वाचून कुणी म्हणेल की एवढ्याशा गोष्टीवरून काय अडायचं. दिवसभराच्या धुळीने आणि उन्हाने थकून नऊला झोपणाऱ्याचं काहीच अडत नाही, हे मला मान्य आहे. सकाळी साडेचारला उठायचंच असतं.

आता सिल्लारी.

नागपूरहून जबलपूरच्या रस्त्याला लागायचं, मनसर मागे टाकून पवनीला आत वळायचं. सगळं मिळून सत्तरेक किलोमीटर, म्हणजे मोहर्लीच्या निम्मं. एका रात्रीच्या सहलीत हे निम्मं अंतर फार मोलाचं असतं. सकाळी विमानाने किंवा रेल्वेने उतरलेला माणूस जेवून, तासभर पाठ टेकून दुपारच्या सफारीला ताजातवाना उभा राहू शकतो. मोहर्लीला जायचं तर तीन तास गाडीत, आणि रविवारी परतताना पुन्हा तीन तास, डोळा सारखा घड्याळाकडे. त्याच महामार्गावर खाली पाहिलंत तर प्राण्यांसाठी बांधलेले भुयारी मार्ग दिसतील. वर ट्रक धावत असतात आणि खालून चितळं, रानडुकरं रस्ता ओलांडतात. कॅमेऱ्यांत वाघही टिपले गेले आहेत.

वनखात्याचं अमलतास संकुल सिल्लारीतच, गेटच्या अगदी जवळ आहे. थाट नाही, पण स्वच्छता आहे. वरण-भात, पोळी, वांग्याची भाजी आणि सोबत ठेचा. ज्यांना तरणतलाव आणि दहा पदार्थांची मांडणी हवी आहे, त्यांना मोहर्लीच्या बाजूला कितीतरी जास्त पर्याय मिळतील. पेंचलाही महागडी रिसॉर्ट आहेत, पण मी त्यांत राहिलेलो नाही, त्यामुळे त्यांच्याबद्दल काही बोलत नाही.

पेंचच्या महाराष्ट्रातल्या भागाला जानेवारी 2024 मध्ये डार्क स्काय पार्कचा, म्हणजे रात्रीचं आभाळ दिव्यांच्या उजेडापासून जपणाऱ्या जागेचा, दर्जा मिळाला. भारतातलं हे पहिलं, आशियातलं पाचवं. त्यासाठी वाघोली, सिल्लारी, पिपरिया, खापा या गावांतले शंभरावर दिवे बदलून खाली तोंड असलेले बसवले. उजेड रस्त्यावर पडतो, आभाळात जात नाही. गाव अंधारात राहत नाही, माणसांना वाट दिसते, बिबट्या आला तर तोही दिसतो. मोहर्लीच्या त्या मॅनेजरला मला जे उत्तर देता आलं नव्हतं, ते या दिव्यांनी दिलं. दिवा घालवायची गरजच नव्हती, त्याचं तोंड फिरवायचं होतं. वाघोली तलावाजवळच्या मनोऱ्यावर दुर्बीणही बसवली आहे. तिथे कधी आणि कसं जाता येईल, हे मुक्काम ठरवतानाच विचारून ठेवा.

आम्ही गेलो तो 2025 च्या जानेवारीतला शनिवार होता. अमावास्या चार दिवसांवर होती, त्यामुळे पहाटेपर्यंत चंद्र नव्हता. जेवण झाल्यावर बाहेर अंगणात खुर्च्या टाकल्या. पाच-सात मिनिटं काहीच दिसेना, मग डोळे सरावले आणि आभाळ खाली आल्यासारखं झालं. मृगाचा बाण, त्याच्या रेषेत खाली व्याध. रोहिणीजवळ गुरू, इतका तेजस्वी की मुलीला विमान वाटलं. माझी आई भंडाऱ्याकडची, आता सत्तरीची. तिने मान वर केली आणि सहज म्हणाली, "त्या बघ कृत्तिका. खळ्यावर धानाची राखण करताना त्या मावळतीला टेकल्या की आबा म्हणायचे, उठा, पहाट झाली." मी तिचा पन्नास वर्षांचा मुलगा. आमच्या नागपूरच्या घरी तिने कधी एकही तारा दाखवला नव्हता. दाखवणार तरी काय, तिथे दिसतच नाहीत. त्या रात्री नात आणि आजी दीड तास शालीत गुरफटून बसल्या होत्या. मधे एक पिंगळा ओरडत होता, आणि साडेदहाच्या सुमारास लांबून सांबराचा कॉल, म्हणजे धोक्याचा इशारा देणारी हाक, आला, एकदा, दोनदा, मग थांबून पुन्हा. मुलीने माझा हात घट्ट धरला. वाघ होता की नव्हता, कुणास ठाऊक. अंधारात बसून तो कॉल ऐकताना अंगावर जो काटा आला, तो चौदा जिप्सींच्या घोळक्यात समोर वाघीण असतानाही आला नव्हता.

सकाळच्या सफारीत रानकुत्र्यांची टोळी दिसली, सात. त्यांनी नुकतीच शिकार केली होती, तोंडं लाल होती. सागाच्या वाळक्या पानांवर त्यांची पावलं वाजत होती. कुलूच्या पांढऱ्या खोडावर ऊन पडलं होतं. वाघ नाही. परतताना गावातल्या शाळेतलं झेंडावंदन आटोपून मुलं घरी निघाली होती. दुपारी दोनच्या आत आम्ही नागपूरच्या घरी पोचलो होतो.

तेव्हा मला कौल द्यायचा तर तो सिल्लारीला. पण दोन अटींवर. पहिली म्हणजे वाघ दिसलाच पाहिजे असा हट्ट सोबत्यांपैकी कुणाचाही नसावा. लहान मुलाला "वाघ दाखवतो" असं सांगून नेणार असाल तर सरळ ताडोब्याला जा, कारण त्याची निराशा तुम्हाला ताऱ्यांनी भरून काढता येणार नाही. दुसरी अट तिथीची. पौर्णिमेच्या आसपास जाणार असाल तर सिल्लारीच्या रात्रीचा अर्धा लाभ गेला, आणि मग ताडोब्याकडे झुकायला माझी हरकत नाही. आरक्षण करण्याआधी कालनिर्णय उघडा. अमावास्येच्या पुढे-मागे चार-पाच दिवसांत येणारा शनिवार सर्वांत चांगला. नोव्हेंबर ते फेब्रुवारी आभाळ निरभ्र असतं. पावसाळ्यात कोअर बंदच.

पेंचलाच वाघाची शक्यता वाढवायची असेल तर सकाळची सफारी खुर्सापार गेटची घ्या, असं मला तिथल्या गाईडने सांगितलं आणि इतरांकडूनही तेच ऐकलं. मात्र सिल्लारीहून तिकडे जायला महामार्गावर परत यावं लागतं. पहाटेच्या थंडीत ती धावपळ आई-वडील बरोबर असताना मी करणार नाही. तरुण मंडळी असाल तर जरूर करा.

ताडोबा ठरवलंत तर मंगळवारी ते बंद असतं हे ध्यानात ठेवा. आणि आरक्षण ज्या गेटचं, त्याच गेटजवळ मुक्काम घ्या. मोहर्लीचं परमिट आणि कोलाऱ्याला खोली असं झालं तर जंगलाला वळसा घालण्यात पहाट जाते. खोली ठरवताना फोनवर एवढंच विचारा की रात्री दहानंतर बाहेरचे कोणते दिवे चालू असतात. उत्तर देताना समोरचा अडखळला तर दुसरी जागा पाहा. मला अजून न अडखळणारा भेटलेला नाही. तुम्हाला भेटला तर मला नक्की कळवा, मी पुढच्याच अमावास्येला मोहर्लीला जाईन.

सिल्लारीला जाताना गरम कपडे लागतात त्याहून एक थर जास्त घ्या, रात्री उघड्यावर दीड तास बसणं म्हणजे बरीच थंडी. टॉर्चच्या काचेवर लाल जिलेटीनचा कागद रबरबँडने बांधा, म्हणजे अंधाराला सरावलेले डोळे दिपत नाहीत. आणि घरात कुणी आजी-आजोबा असतील, ज्यांचं बालपण खळ्यावर किंवा गच्चीवर झोपण्यात गेलं आहे, तर त्यांच्यासाठी पाठ टेकून बसता येईल अशी आरामखुर्ची मुक्कामाच्या ठिकाणी आधीच मागून ठेवा. आमच्या आईला साध्या प्लास्टिकच्या खुर्चीत मान वर करून बसायला लागलं होतं, दोन दिवस तिची मान दुखत होती. यंदा ती स्वतःच विचारते आहे, पौषातली अमावास्या कधी आहे.