रंगवलेले प्रवाळ आणि तीन महिन्यांनंतरचा शब्द

मी म्हापशात राहतो. बैठकीच्या खोलीत २४० लिटरची खाऱ्या पाण्याची टाकी आहे आणि गेली साडेतीन वर्षे तिच्यात जिवंत खडक (सूक्ष्मजीव वसलेले समुद्री दगड), दोन क्लाउनफिश आणि काही मऊ प्रवाळ बऱ्यापैकी सुखाने नांदत होते. स्वतःच्या लेदर कोरलची, म्हणजे अळंब्यासारख्या दिसणाऱ्या मऊ प्रवाळाची, छत्री कापून तिचे तुकडे रुजवण्याचा प्रयोग मी दोनदा केला होता, त्यातल्या एका खेपेला सातपैकी पाच तुकडे जगले होते. हे आधीच सांगतो, कारण मी या छंदात नवखा असल्यामुळे फसलो असे म्हणायला मला जागा नाही.

विक्रेता मुंबईकडचा होता. ओळखीच्या एका मत्स्यप्रेमीकडून त्याचा क्रमांक मिळाला. घरीच प्रवाळ वाढवतो, समुद्रातून काढलेले काही विकत नाही, असे तो सांगत असे आणि बोलण्यात वाक्यागणिक 'सर' असे. त्याने माझ्यापुढे योजना ठेवली ती अशी: प्रत्येकी ५,००० रुपयांच्या तीन मदर कॉलनी (तुकडे काढण्यासाठीची मोठी प्रवाळे) आणि ७५० रुपयांप्रमाणे दहा रुजलेले फ्रॅग (प्रवाळाचे छोटे तुकडे) मी घ्यावेत, म्हणजे एकूण २२,५०० रुपये, तीन महिन्यांनी प्रत्येक मदर कॉलनीचे वीस तुकडे करावेत आणि ते साठ तुकडे तो ३५० रुपयांप्रमाणे परत विकत घेईल, म्हणजे पहिल्याच खेपेला २१,००० रुपये हातात. माल परत घेण्याचा असाच शब्द देणाऱ्या इमूपालनाच्या योजनांत लोकांचे पैसे कसे बुडाले हे मी वर्तमानपत्रांत वाचलेले होते. तरीही, ७५० ला विकणारा माणूस ३५० ला परत घेतो यात त्याचाही फायदा दिसत असल्यामुळे हिशेब मला खरा वाटला. छत्री एकदा कापली की बुंध्याची जखम भरून नवी छत्री धरायला कित्येक आठवडे जातात आणि मूळ आकार यायला महिनेच्या महिने लागतात, हे माझ्याच टाकीने मला शिकवले होते. त्या दिवशी ते मला आठवले नाही.

पैसे यूपीआयने गेले, तेही तीन वेगवेगळ्या नावांच्या खात्यांवर. 'एकाची मर्यादा संपली, सर' हे कारण मी मानले. त्याने पाठवलेली सगळी छायाचित्रे निळ्या दिव्याखाली काढलेली होती. त्या प्रकाशात साधे तपकिरी प्रवाळही काजव्यासारखे चमकते, त्यामुळे पांढऱ्या प्रकाशातले एक तरी चित्र मागणे एवढे साधे काम मी करायला हवे होते.

पार्सल रात्रीच्या बसने निघून सकाळी म्हापशाला आले. थर्माकोलचा खोका उघडला तेव्हा सर्वांत मोठ्या पिशवीतले पाणी लिंबूसरबताच्या रंगाचे होते. आत लेदर कोरल होते आणि ते छत्रीपासून बुंध्याच्या तळापर्यंत एकसारखे झगझगीत पिवळे होते. 'फिजीचा पिवळा आहे, प्रवासाच्या ताणाने स्राव सोडतो,' असे विक्रेत्याने फोनवर सांगितले. फिजीकडचे नैसर्गिक पिवळे लेदर कोरल खरोखरच असते आणि महागही असते. ताणाखाली ही जात चिकट स्राव सोडते हेही खरे आहे. त्याच्या थापा अशा खऱ्या गोष्टींच्या आधाराने उभ्या असत.

फ्रॅग सहा आठवड्यांपूर्वी रुजवलेले आहेत असे सांगितले होते. रुजलेल्या तुकड्याची कडा गोलसर झालेली असते आणि त्याचा तळ प्लगवर, म्हणजे ज्या छोट्या बैठकीवर तो चिकटवतात तिच्यावर, पसरून तिला धरून बसतो. ग्रीन स्टार पॉलिप या पसरत जाणाऱ्या मऊ प्रवाळाची जांभळी साय तर तेवढ्या काळात प्लगच्या कडेवर चढू लागते. माझ्या हातातल्या तुकड्यांच्या कडा सुरीने चिरलेल्या वांग्यासारख्या सरळ होत्या आणि खाली सुपरग्लूचा पांढरा थर ताजा दिसत होता. पण मला आजही सर्वांत जास्त बोचतात ते प्लग. सहा आठवडे चालत्या टाकीत राहिलेल्या प्लगवर शेवाळाची तपकिरी किंवा हिरवी झाक येतेच येते, आणि हे प्लग दुकानातून त्याच दिवशी आणल्यासारखे कोरे होते. मऊ प्रवाळाच्या ओल्या बुळबुळीत जखमेवर सुपरग्लू नीट धरत नाही, म्हणून मी स्वतः असे तुकडे खडकाच्या चुरीवर ठेवून वर जाळी बांधतो आणि दोन-तीन आठवडे त्यांना हात लावत नाही. तिसऱ्या दिवशी दहापैकी चार तुकडे प्लगवरून सुटून प्रवाहात तरंगत होते.

पिवळे कोरल उघडेना. विक्रेता म्हणाला, 'शेडिंग चालू आहे, आठ दिवस थांबा.' लेदर कोरल अधूनमधून मिटते, अंगावर मेणासारखा पापुद्रा धरते आणि तो टाकून देऊन पुन्हा फुलते, हे ज्यांनी ते पाळले आहे त्यांना ठाऊक आहे. मात्र कात टाकणारे कोरल बोटाला घट्ट लागते, पापुद्रा प्रवाहाने निघतो आणि खालचे अंग स्वच्छ असते. सडणारे कोरल मऊ पडते, कापलेल्या जागी काळपट होते आणि पाण्याबाहेर काढल्याबरोबर त्याची दुर्गंधी येते. मी आठ दिवस थांबलो. जिवंत पोहोचण्याची हमी २४ तासांची होती आणि त्याला मला थांबवूनच ठेवायचे होते.

दरम्यान फिल्टरमधला पांढरा कापूस हळदीच्या फडक्यासारखा झाला होता आणि धुतल्यावरही रंग जात नव्हता. नवव्या दिवशी मी कोरल बाहेर काढले. ते पुरते विरघळत आले होते. ज्या सिरॅमिकच्या चकतीवर ते चिकटवले होते ती पकडीने फोडून पाहिली, तर पिवळा रंग तिच्या छिद्रांत आतपर्यंत मुरलेला होता. प्रवाळ रंग बनवू शकते, पण सिरॅमिक रंगवू शकत नाही. असे प्रवाळ बहुधा आधीच पांढरे पडलेले असते, म्हणजे त्याच्या पेशींत राहून प्रकाशापासून अन्न पुरवणारे सूक्ष्म शैवाल निघून गेलेले असते, आणि तो पांढरेपणा लपवण्यासाठी त्याला रंगात बुडवतात. एखादे तगतेही आणि रंग ओसरून पुन्हा तपकिरी होते, पण बहुतेक उपासमारीने जातात. तेव्हा माझ्या ध्यानात आले की तीन महिन्यांनंतर माल परत घेण्याचा शब्द त्याला फुकटात पडत होता, कारण तो पाळण्याची वेळ त्याच्यावर येणारच नव्हती.

सडलेल्या तुकड्यांमुळे अमोनिया वाढला. दोन वेळा साठ-साठ लिटर पाणी बदलले आणि सक्रिय कोळसा घातला, तरी माझी जुनी झेनिया (हेही मऊ प्रवाळच) आणि एक कोळंबी गेली. नव्या मालाला आठवडाभर वेगळ्या भांड्यात ठेवले असते तर एवढे तरी वाचले असते.

पैसे परत मागितल्यावर त्याने आधी गोव्याच्या पाण्याला दोष दिला. पावसाळ्यात मांडवीच्या मुखाजवळ समुद्राचे पाणी पातळ होते हे खरे, परंतु मी आरओच्या पाण्यात मीठ कालवतो आणि खारटपणा मोजणारे माझे रिफ्रॅक्टोमीटर समुद्राएवढेच ३५ दाखवत होते. मग त्याने खरे हत्यार काढले. दहा तुकड्यांत 'फुलांचा सॉफ्ट कोरल' म्हणून एक तुकडा होता. 'तक्रार करा सर, पण घरात काय ठेवलंय तेही सांगा,' एवढेच तो बोलला. मी भिंग घेऊन बसलो. लेदर कोरल किंवा झेनियाच्या पॉलिपला, म्हणजे प्रवाळावरच्या एकेका फुलासारख्या जीवाला, पिसासारखे आठ बाहू असतात. या पॉलिपचे मी तीनदा मोजले आणि तिन्ही वेळा चोवीस भरले. ते मिटल्यावर खाली दगडासारखा सांगाडा बोटाला लागला. ते गोनिओपोरा होते, म्हणजे दगडी प्रवाळ, आणि दगडी प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. गिऱ्हाइकाचे तोंड बंद राहावे म्हणून तो तुकडा मुद्दाम घातला होता, असे माझे मत आहे.

दोन रात्री झोप लागली नाही. वकील असलेल्या मेहुण्याने सांगितल्याप्रमाणे मी सगळा प्रकार लिहून वनखात्याकडे दिला आणि तो तुकडाही त्यांच्या ताब्यात दिला. १९३० या सायबर मदत क्रमांकावर मी एकोणीस दिवसांनी फोन केला; पैसे गेल्यावर पहिल्या काही तासांत केला असता तर खात्यातली रक्कम रोखली जाण्याची काही शक्यता होती. ग्राहक आयोगात आता आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, म्हणून तीही केली. तिथे त्या योजनेने आणखी एक पाचर मारली आहे: पुनर्विक्रीसाठी माल घेणारा कायद्याच्या व्याख्येत ग्राहक ठरत नाही, आणि तुकडे परत विकण्याचे माझे सगळे बोलणे संदेशांत लेखी आहे. त्यामुळे मेहुण्याने तक्रार फक्त दहा फ्रॅगच्या ७,५०० रुपयांपुरती लावली आहे.

पुढची तारीख गणेश चवथीनंतरची आहे. फुटलेली पिवळी चकती एका पाकिटात जपून ठेवली आहे आणि पिशवीतले ते पाणी बाटलीत भरून फ्रिजमध्ये आहे. सरबत समजून कोणी पिऊ नये म्हणून पत्नीने तिच्यावर कागद चिकटवला आहे.