दांडिया बाजारातलं पाळणाघर: पाच स्टार, आणि ते तिथल्या तायांना

पाचपैकी पाच देतेय, जागेसाठी नाही, जागा साधीच आहे. जुन्या वाड्याचा पहिला मजला, जिना उभा, खाली स्कूटर लावायला धड जागा नाही. स्टार तायांसाठी आहेत. बडोद्यात पाळणाघर बघायला जाणारे सगळे आधी सीसीटीव्ही आहे का, एसी आहे का, इंग्लिश राइम्स शिकवता का हेच विचारतात. माझ्या मते पहिलं हे विचारा की दिवसभरात मुलाचं काय काय टिपून ठेवता.

आमचा लेक दीड वर्षाचा झाल्यावर इथे लागला. त्याआधी एका ठिकाणी जायचा तिथे रोज तेच ऐकायचो, एकदम शांत बाळ आहे, काही त्रास नाही. पाळणाघरात रडणाऱ्या, चावणाऱ्या पोराकडे सगळ्यांचं लक्ष जातं आणि कोपऱ्यात एकटं बसून गाडीचं चाक फिरवत राहणारं मूल शहाणं ठरतं, खरं तर त्याच्याकडेच जास्त बघायला हवं.

इथल्या मोठ्या ताईंनी थोड्याच दिवसांत आम्हा दोघांना बसवून घेतलं आणि वही पुढे केली. साधी शंभर पानी वही, तारीख आणि वेळ घालून लिहिलेलं. "तीनदा नावाने हाक मारली, वळला नाही. कुकरची शिट्टी झाली, लगेच वळला." "पाणी हवं होतं. बोट दाखवलं नाही, माझं मनगट धरून माठाकडे नेलं, माझ्याकडे बघितलं नाही." "बाकीची मुलं बाहुलीला भरवतात, हा बाहुलीचा डोळा उघडझाप करत बसतो." कुठेही वेडा, हट्टी, लाडावलेला असला शब्द नाही, फक्त काय झालं तेवढंच. ताईंनी ऑटिझम (स्वमग्नता) हा शब्दसुद्धा काढला नाही, आणि ते अगदी बरोबर आहे, निदान करणं डॉक्टरांचं काम. त्या एवढंच म्हणाल्या, "हे बघा, मी डॉक्टर नाही, पण ह्या वयाची खूप मुलं सांभाळलीत आणि हे मला वेगळं दिसतंय. डेव्हलपमेंटल पीडियाट्रिशियनना, म्हणजे मुलांचा विकास तपासणाऱ्या बालरोगतज्ज्ञांना, एकदा दाखवून घ्या, वही सोबत न्या."

घरी सासूबाईंचं म्हणणं होतं की घरात मराठी, सोसायटीत गुजराती, टीव्हीवर हिंदी, पोर गोंधळलंय, शिवाय मुलगे उशिराच बोलतात. हे आपल्याकडे घरोघरी ऐकायला मिळतं. ताईंनी त्यांना प्रेमाने समजावलं, "आजी, बोट दाखवायला कुठलीच भाषा लागत नाही." डॉक्टरांनीही सांगितलं की दोन-तीन भाषा कानावर पडल्याने ऑटिझम होत नाही, लसीमुळेही होत नाही, आणि घरात मराठी बोलणं अजिबात थांबवू नका.

दवाखान्यात वहीचा फार उपयोग झाला. आमचा लेक तिथे नुसता रडत होता, तेवढ्या वेळात डॉक्टरांना कितीसं दिसणार. आधी कानाची बेरा टेस्ट करून घेतली, शिट्टीला वळत असला तरी ऐकण्याची तपासणी करायचीच असते. मग एम-चॅट, १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठीचे २० हो-नाही प्रश्न. त्यात शंका आली म्हणजे निदान झालं असं नाही, पुढे सविस्तर तपासणी असते. आमच्याकडे ती होऊन ऑटिझमचं निदान झालं, आणि दोन वर्षांच्या आत स्पीच (बोलण्यासाठीची) आणि ऑक्युपेशनल (रोजच्या हालचाली-कामांसाठीची) थेरपी सुरू झाली. मेंदू वेगाने घडत असतो त्या वयात मदत मिळाली तर फायदा जास्त, म्हणून "थांबून बघू" ह्या सल्ल्याचा मला राग येतो.

निदानानंतर ताईंनी लेकाला काढून टाकलं नाही हे मुद्दाम लिहितेय, कारण "आमच्याकडे सोय नाही" म्हणून फी परत करणारी ठिकाणं आहेत, तेही २०१६ च्या दिव्यांग कायद्यात ऑटिझमचा समावेश असताना. इथे थेरपिस्ट काय करून घेतात ते ताई दर आठवड्याला मला विचारतात आणि तसंच करतात. बिस्कीट डोळ्यांसमोर धरतात, थांबतात, त्याने बघितलं किंवा हात पुढे केला की लगेच देतात. मिक्सर लावायच्या आधी त्याला बाहेरच्या खोलीत नेतात.

तुमचं मूल वर्षाचं होऊन गेलं तरी हाकेला वळत नसेल, दीड वर्षाचं होऊनही कावळा-चिमणी बोटाने दाखवत नसेल, तर डॉक्टरांना विचारा. एखाद्या खुणेवरून काही ठरत नाही. पण येत असलेले शब्द किंवा टाटा करणं बंद झालं असेल तर कुठल्याही वयात लगेच जा. खाजगी परवडत नसेल तर अंगणवाडीत चौकशी करा, २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतल्या मुलांची मोफत तपासणी होते आणि पुढे डीईआयसीकडे, म्हणजे लहान मुलांना वेळेत मदत देणाऱ्या जिल्ह्याच्या सरकारी केंद्राकडे, पाठवतात.

आता तक्रारी. शेवटच्या तासाला टीव्ही लावतात, तो बंद व्हायला हवा, आई-बाबा यायच्या वेळी मुलं दमलेली असतात हे कबूल, पण गोष्ट सांगा, गाणी म्हणा. मे महिन्यात झोपायची खोली फार तापते. आणि सगळ्यात महत्त्वाचं, मोठ्या ताई रजेवर असल्या की वही कोरी राहते. मदतनीस बेन मायेच्या आहेत, भरवतात छान, पण काय बघायचं ते त्यांना कुणी शिकवलेलं नाही. मोठ्या ताईंनी त्यांना शेजारी बसवून लिहायला शिकवावं, गुजरातीत लिहिलं तरी चालेल, मी स्वतः हे त्यांच्याशी बोललेय आणि त्यांनी मनावर घेतलंय.

बघायला जाणार असाल तर दुपारी जेवणाच्या वेळी जा, वरण-भात भरवताना ताया मुलांशी कशा बोलतात ते दिसतं. एका ताईकडे मुलं मोजकीच ठेवतात म्हणून जागा पटकन मिळत नाही, आधी फोन करून नाव लिहून ठेवा.